टोपडं घातलेला वरवंटा

बाळ पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला टोपडं घालून बायका तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींना देत होत्या. अनुजा स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. गेल्या वर्षी तिचा मुलगा पोटातच गेला, म्हणून धाकट्या जावेच्या बाळाच्या बारशाला तिला कुणी पुढे बोलावलं नव्हतं.

"वहिनी, या ना!" जावेनंच हाक मारली.

"अगं, पण..." एक मावशी पुटपुटल्या.

"पण काय? नाव आत्या ठेवणार, दागिने आजी घालणार. बोलवायचं कुणाला हे तरी मला ठरवू द्या!"

सगळ्या हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. अनुजा पाळण्यापाशी येताच त्यांनी खालून वरवंटा तिच्या हातात दिला.

धुतलेला दगड गार होता. मान सावरावी तसा तिनं टोपड्यामागे हात धरला.

"द्या की इकडे, दमला तुमचा गोपाळ!" पलीकडची बाई म्हणाली. अनुजानं दिला नाही.

दवाखान्यात तिच्या मुलाला फक्त सासूबाईंनी हातात घेतलं होतं. 'बघू नकोस, जन्मभर डोळ्यांसमोरून हलणार नाही,' म्हणत त्यांनी त्याला परस्पर नेऊ दिलं होतं.

"आई," तिनं हळूच विचारलं, "तोही असाच गार होता?"

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. "नाही गं. तुझीच ऊब होती त्याला. बराच वेळ होती."

"मग तेवढा वेळ तरी माझ्याकडे द्यायचा होता," ती म्हणाली, आणि तिनं वरवंटा पुढे दिला.