बिनतारखेचा राजीनामा

एका राजीनाम्यावर तारीख घालायची आणि आपल्या मुख्याध्यापकपदाआधीचा 'प्रभारी' हा शब्द कायमचा घालवायचा, असा सौदा दिनानाथपुढे होता. तारीख आजची. राजीनामा भागीरथीबाईंचा.

शिरवण्याच्या त्या शाळेत नेमणुकीच्या दिवशी दोन कागद व्हायचे. एक नेमणुकीचा, तो शिक्षकाला मिळायचा. दुसरा शिक्षकाच्या सहीचा बिनतारखेचा राजीनामा, तो संस्थेच्या कपाटात जायचा. असे नऊ राजीनामे कपाटात मुकाट झोपले होते. आता संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब यांची सून बी.एड. झाली होती आणि त्यांना एक कागद जागा करायचा होता.

"तारीख घाला आणि पोस्टात टाका," रावसाहेब सकाळीच सांगून गेले होते. "नव्या कायद्यात राजीनामा रजिस्टर पोस्टानं यायला लागतो म्हणे. इकडे तो आला की तिकडे तुमच्या मान्यतेच्या प्रस्तावावर माझी सही. टेन्शन घेऊ नका, मास्तर."

दिनानाथनं टेन्शन घेतलं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. राजीनाम्याच्या दोन प्रती हव्यात, असं काहीसं त्यात होतं. दुसरी कुणाकडे ठेवायची? पोस्टात कुणी टाकायची? संस्थेनं संस्थेलाच पत्र पाठवायचं की काय? त्यानं ते पान तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पहिल्यापेक्षा कमी समजलं. शाळेत कायद्याचं इंग्रजी उलगडणारं माणूस एकच होतं. त्यानं शिपायाला पाठवून भागीरथीबाईंनाच बोलावलं.

बाई परभणीकडच्या. नवरा वारलेला, पदरात दोन मुलं, गावात नात्याचं कुणी नाही. त्यांनी उभ्याउभ्याच पान वाचलं.

"सोपं आहे, सर. दोन प्रती करायच्या. दोन्हींवर सही आणि तारीख जाणाऱ्यानं स्वतः घालायची. एक प्रत रजिस्टरनं पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. दुसऱ्या कुणी तारीख घातली तर तो राजीनामा नव्हे, ती लबाडी."

"असं होय," दिनानाथ म्हणाला.

"कुणाचा राजीनामा आहे?"

"कुणाचा नाही. माहीत असावं, म्हणून."

बाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "तुमचा, सर?"

दिनानाथला 'नाही' म्हणायचं होतं. पण त्याच्या मागोमाग 'मग कुणाचा' हा प्रश्न येणार होता. तो गप्प राहिला. आजचा दिवस जाऊ दे, तारखेचं उद्या बघू, असं ठरवून त्यानं कपाटाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला तर फाटकाशी तीसचाळीस बाया उभ्या. पुढं त्याच्या शेजारची चांगुणाबाई.

"काकी, काय झालं?"

"तू गप बस, मास्तर. तुला बोलता येत नाय म्हनून तर आमी आलो."

दिनानाथला काही कळेना. कुणीतरी त्याच्या हातात नारळ ठेवला. तेवढ्यात रावसाहेबांची जीप आली.

"आमचे मास्तरला कशाला काढतस?" चांगुणाबाईनं जीपवरच हात आपटला.

"मास्तरांना? त्यांना कोण काढतंय? काढायचं होतं ते..." रावसाहेब तिथंच थांबले.

"ऐका. काढायचं होतं. सोताच्या तोंडानं बोलला."

"जमिनीच्या मोबदल्याचे अर्ज सगल्या गावाला यानंच लिवून दिले," बयाबाई मागून म्हणाली. "तुझाबी. तवा बरा चालला तुला."

रावसाहेबांनी दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथनं नारळाकडे पाहिलं. माझा नाही, बाईंचा, एवढं म्हटलं की गोंधळ मिटणार होता. पण मग गावाला पुढचंही सांगावं लागलं असतं. तो दुसऱ्यांदा गप्प राहिला.

"ते कपाट उघड," चांगुणाबाई म्हणाली. "आतले समदे राजीनामे आमच्यासमोर फाड. नायतर उद्यापासून एक पोर शालेत येनार नाय."

अनुदानाची तपासणी आठ दिवसांवर होती. साहेब येऊन रिकामे बाक मोजणार, हे रावसाहेबांना कळत होतं. त्यांनी नऊच्या नऊ कागद व्हरांड्यात फाडले. बायांनी दिनानाथला कुंकू लावलं. जीपमध्ये चढताना रावसाहेब हळूच म्हणाले, "गाव उठवलंत माझ्यावर. बरं केलंत, मास्तर. आता तुमचा प्रस्ताव आणि तुम्ही."

मधल्या सुट्टीत दिनानाथ बाईंच्या वर्गात गेला. त्या फळा पुसत होत्या.

"बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झाला. तो राजीनामा माझा नव्हता."

"माहीत आहे, सर. माझा होता."

दिनानाथनं विचारलं, "मग माझं नाव का सांगितलंत?"

"कायद्यानं मीच जिंकले असते. पण चार वर्षांनी. तोवर मुलांना खायला काय घातलं असतं?" त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "आणि माझं नाव घेऊन दारोदार फिरले असते, तर किती बाया आल्या असत्या, सांगा?"

दिनानाथला आकडा माहीत होता. तो त्यानं सांगितला नाही. तिसऱ्यांदा.

पुढं सुनेला वाशीच्या एका शाळेत जागा मिळाली. तपासणीत पट भरलेला निघाला, रावसाहेबांचं अनुदान वाचलं. बाई त्याच वर्गावर राहिल्या. गावाला आपला मास्तर वाचवल्याचं समाधान मिळालं. आणि प्रस्तावाचा कागद रावसाहेबांकडे सहीवाचून पडून राहिल्यामुळे, ह्या सगळ्यांची किंमत चुकती करत दिनानाथ निवृत्तीपर्यंत प्रभारीच राहिला.