रूपमती सारीची बाई

भाईदास केबलवाल्याची डिश सकाळपासून बिघडलेली होती, म्हणून त्याने कुठलीतरी जुनी कॅसेट लावून दिली होती. भर मारामारीत सिनेमा थांबला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्या सरल्या तेव्हा गायत्रीचा पोह्यांचा घास हातातच राहिला. रूपमती सारी सेंटर!

मागे बांधलेली तीच फुलाफुलांची चादर. तीच प्लास्टिकच्या गुलाबांची कुंडी. पडद्यावर थरथरणारा फोन नंबर, आणि नाकात बोलणारा स्वतः भाईदास : ‘रूपमती सारी, सबसे न्यारी.’ गायत्री सात वर्षांची होती तेव्हा ही जाहिरात दिवसातून दहादा लागायची, आणि सुरतच्या उधन्यातल्या त्यांच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं डोक्यावर टॉवेल घेऊन तिची नक्कल करायची. आता ती दहावीत होती. आठ वर्षांनी ते सगळं किती गरीब दिसत होतं, आणि किती गोड.

मग नाकापर्यंत पदर ओढलेली बाई आली. तिने एका झटक्यात साडी उलगडली, कॅमेऱ्याला दाखवली, आणि काठ हनुवटीखाली दाबून उभ्या उभ्या घडी घालायला लागली.

गायत्रीने घास बशीत ठेवला.

गल्लीत घरोघरी साड्यांचं काम येतं. मागचे लोंबते दोरे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा परत पाठवायचा. पण बाकी सगळ्या बाया साडी जमिनीवर अंथरून घडी घालतात. हनुवटीखाली काठ दाबणारी अख्ख्या गल्लीत एकच, तिची माय, आणि ती आत्ताच स्वयंपाकाच्या आडोशाला दूध बघायला गेली होती.

दूध! गायत्रीला एकदम आठवलं. लहानपणीसुद्धा ही जाहिरात लागली रे लागली, की मायचं दूध उतू जायचं. दिवसातून दहादा. अर्धा लिटर दूध ते, उतू जाऊन जाऊन जाणार किती?

आणि हीच माय परवापासून नाही म्हणत होती. भाईदासला ट्यूशन क्लासच्या जाहिरातीसाठी शाळेतली मुलगी हवी होती. पंधरा ऑगस्टचं भाषण ऐकून त्याने गायत्रीलाच विचारलं होतं. शूटिंग रविवारी. नववीपर्यंत मागच्या बाकावर तोंड लपवून बसलेल्या गायत्रीला जन्मात पहिल्यांदा कोणी आपणहून पुढे बोलावलं होतं. वडील लूमवरून आल्यावर एवढंच म्हणाले, की मायला विचार. म्हणताना मिशीत हसले होते, तेही तिला आत्ता खटकलं. मायने तर तुकडाच पाडला होता, आपल्या घरच्या बाया टीव्हीत जात नसतात म्हणून.

जात नसतात काय?

थेट विचारलं तर माय कबूल होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने गठ्ठ्यातली एक साडी ओढली आणि अगदी भोळं तोंड करून म्हणाली, ‘माय, एवढी घडी घालून दे ना. मला जमत नाही.’

उषाबाई हात पुसत बाहेर आली. साडी घेतली, झटकली. काठ हनुवटीकडे निघाला आणि मध्येच थांबला. तिने टीव्हीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मुकाट खाली बसून साडी जमिनीवर अंथरायला लागली.

‘जमिनीवर कधीपासून?’ गायत्रीने विचारलं.

‘कंबर दुखस.’

‘कंबर दुखली की माणूस वाकतं?’

तेवढ्यात टीव्हीवर पुन्हा मुंग्या आल्या, पुन्हा ती चादर, पुन्हा ती कुंडी. भाईदास एक जाहिरात दोनदा लावायचाच. दूध आता स्टोव्हवरून उतरलं होतं. दोघी बघत राहिल्या. पदरवाली बाई आली, साडी झटकली, हनुवटी खाली गेली.

‘उलटी धरेल व्हती मी ती साडी,’ उषाबाई म्हणाली.

गायत्री टीव्हीला नाक लावून बघायला लागली. खरंच की. बुट्ट्यांची मागची बाजू कॅमेऱ्याकडे होती, आणि बुट्टीबुट्टीतून दोरे लोंबत होते. लोकांच्या साड्यांचे दोरे कापण्यात जिची हयात गेली, तिच्याच हातातल्या साडीचे.

‘आठ वरीस व्हई ग्यात,’ उषाबाई म्हणाली. ‘सारं उधना देखत व्हतं. कोनलेच समजनं नही.’

गायत्रीचा अजून विश्वास बसेना. एवढ्यासाठी? एवढ्यासाठी आठ वर्षं दूध उतू? तिने मायच्या चेहऱ्यावर आणखी काही लपलंय का ते शोधून पाहिलं. मायचे कान लाल झाले होते, आणि नजर अजून त्या लोंबत्या दोऱ्यांवरच होती.

जाहिरात संपली, मारामारी परत सुरू झाली. उषाबाईने दोरे कापायची छोटी कात्री उचलली.

‘रविवारले काय घालशी?’

गायत्रीने खिळ्याला टांगलेल्या निळ्या ड्रेसकडे बोट दाखवलं. उषाबाईने तो काढला, उलटा केला आणि उजेडात धरून एकेक शिवण तपासायला लागली.