शिक्षणातला खंड

‘मी, रिद्धी मेहेर, राहणार सातपाटी, शपथेवर लिहून देते की, बीएस्सीनंतरची दोन वर्षे मी घरी होते व कोणतेही काम केले नाही.’ शिक्षणात खंड पडलेल्यांना एमएस्सीच्या प्रवेशासाठी लागणारं हे प्रतिज्ञापत्र पालघर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे छापून तयारच होतं. मी आईला वाचून दाखवलं. ती उसळली, “काम केला नाय? मंग बोंबील कोन सुकवत होता, याचा बाप?” टायपिस्ट हसला. “मावशी, काम लिहिलं तर मालकाचा दाखला लागतो. आज पाच वाजता प्रवेश बंद होतील. सही करू द्या.” “मालकीन मीच हाय!” मी ‘कोणतेही काम केले नाही’ हे खोडलं आणि वर लिहिलं, ‘दोन वर्षे बोंबील सुकवून घर चालवले.’ मालकीण म्हणून आईचा अंगठा घेतला. “विद्यापीठ परत पाठवेल,” टायपिस्ट म्हणाला. “पाठवू दे,” मी सही करत म्हणाले. “पण त्याआधी कुणालातरी ते वाचावं लागेल.”