कव्हरसकट पसंत

“तू फेसबुकवर माझ्या पुस्तकाचं कौतुक कर, मी तुझ्या पुस्तकाचं करतो,” असं तुषार वसेकरचं आणि माझं ठरलं. वाचायची अट नव्हती. माझ्या कादंबरीची एकही प्रत खपली नव्हती, म्हणून मीच घाईनं त्याच्या पुस्तकाबद्दल लिहिलं, “यातली पात्रं मनात घर करतात. शेवटी तर रडूच आलं!”

थोड्याच वेळात त्याचा फोन आला. “अरे, माझं पुस्तक गांडूळखतावर आहे!”

“बाप रे. काढू का पोस्ट?”

“राहू दे, लोक विचारतायत शेवटी कुठलं गांडूळ मरतं. पण मला असलं खोटं जमणार नाही हं. मी खरं तेच लिहीन.”



संध्याकाळी त्याची पोस्ट पडली: “मित्राची कादंबरी मी वाचलेली नाही. मागच्या महिन्यात गांडुळांना घातली. त्यांनी कव्हरसुद्धा शिल्लक ठेवलं नाही.”

मी त्याला ब्लॉक करणार, तेवढ्यात एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. “सर, तुमच्या कादंबरीच्या पाच प्रती हव्यात. आणि याहून जाड काही लिहिलंय का? माझ्याकडे कुंड्या खूप आहेत.”

मी लगेच दुसरा खंड लिहायला घेतला.