परतीचा रकाना

तिसरं विमान उतरलं तेव्हा तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या बापाने दुर्बिणीतून शेपटावरचा आकडा वाचला, चौदा, आणि मांडीवरच्या वहीत टिपला. उड्डाणाच्या रकान्यात चार आकडे होते. परतीच्या रकान्यात तीन. सत्तावीसपुढची जागा कोरी होती.

सत्तावीसच्या डाव्या बाजूला त्याने पेन्सिलीने ठिपका दिला होता. ठिपका म्हणजे ठकी, त्याची लेक. कोणतंही विमान वाट्याला आलं तरी या गच्चीवरून जाताना ती डावा पंख क्षणभर कलवायची. वरिष्ठांना कळलं असतं तर बोलणी बसली असती. आज दोन वाजून बारा मिनिटांनी सत्तावीसने पंख कलवला होता आणि त्याने नेहमीसारखा हात हलवला होता, जणू एवढ्या वेगात तिला तो दिसणारच होता.

तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता, आता निवृत्त. लढाऊ विमानांच्या तळाला लागून असलेलं हे घर त्याने हट्टाने घेतलं होतं. एकतीस वर्षांत बावीस वह्या भरल्या. नियम एकच: डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. त्याच्या बोलण्यावर बायकोचा विश्वास बेताचाच होता, वहीवर मात्र पूर्ण.

"माझी सवत आली का हो परत?" ती जिन्यातून विचारायची.

सवत म्हणजे सुई, त्याचं लाडकं विमान. हे नाव हौशी लोकांनी ठेवलेलं. बारीक अंग, मागे ओढलेले पंख, एकच इंजिन. आवाज असा, की कोणी नवं कापड टरकन फाडावं. शेजारचा औषधवाला मात्र दोन इंजिनांच्या जाड्या विमानाचा भक्त. त्या विमानाला सगळे म्हैस म्हणत. म्हशी दूरच्या तळावर असत, इथे वर्षातून एखादी यायची. बिचारा दुकानात तिचा फोटो लावून समाधान मानायचा. रविवारी याच गच्चीवर दोघांची जुंपायची.

"एक इंजिन बंद पडलं तरी म्हैस माणसाला घरी आणून सोडते," औषधवाला म्हणायचा.

"अरे, कुबड्या घेऊन कोणी नाचतं का?"

ठकीला विमान निवडायची संधी मिळाली तेव्हा तिने सुई मागितली. बापाने तिला एका शब्दानेही सुचवलं नव्हतं. पुढचे आठ दिवस तो औषधवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला डिवचत होता. "बघ, रक्तातच आहे!"

फोन वाजला. औषधवालाच होता.

"अरे, मला तीनच ऐकू आली."

"तीनच आली."

"दुसरीकडे कुठे उतरली असेल. होतं असं कधी कधी."

"पोटाखाली इंधनाची जादा टाकी नव्हती," तो म्हणाला. "एक तास वीस मिनिटं. त्याच्यापुढे नाही."

औषधवाल्याने फोन ठेवला नाही.

तीन वाजून बत्तीस मिनिटं झाली. मग तेहतीस. तीन पस्तीसला हेलिकॉप्टर उठलं आणि टेकड्यांकडे वेगाने गेलं. त्याने ते टिपलं. चार वाजून दहा मिनिटांनी ते परत आलं, सावकाश. माणूस जिवंत सापडला तर हेलिकॉप्टर तळावर थांबत नाही, सरळ शहरातल्या इस्पितळाकडे जातं. असं तीनदा झालेलं त्याने पाहिलं होतं. तिन्ही नोंदी वह्यांत होत्या. आजचं हेलिकॉप्टर तळावर उतरलं. दुर्बिणीत त्याची पाती थांबलेली दिसली. त्याच्याकडे कोणी धावलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. त्याने पेन्सिल उचलली आणि सत्तावीसपुढे लिहिलं: ३:३०. अक्षर नेहमीसारखंच आलं.

बायको वर आली. हात ओले होते. या खेपेला तिने सवतीचं नाव काढलं नाही.

"आली का?"

त्याने वही पुढे केली. तिने हात पदराला पुसले, वही घेतली आणि ओळीवरून बोट फिरवत नेलं. ठिपका. सत्तावीस. ३:३०. बोट तिथेच थांबलं.

"साडेतीन," ती म्हणाली आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "विमान उतरलं की स्वयंपाकघरातली काच वाजते. आज तीनदाच वाजली."

"तू मोजतेस?"

"ती उडायला लागली तेव्हापासून."

खाली फाटकाशी गाडी थांबली. दोन दारं उघडली, दोन दारं लागली. बेल वाजली. दोघंही उठली नाहीत.

"मी खोडतो ते," तो म्हणाला. "वही दे इकडे."

तिने वही दिली नाही. मिटून पोटाशी धरली.

"तिला दोन इंजिनांचंच विमान हवं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, मग तेच माग. तर म्हणाली, आई, ती इथून उडत नाहीत गं. बाबांच्या वहीत मी कधीच येणार नाही."