जिंकल्याचा पेढा

"पळ गं माझे वाघिणी!" चतुराबाईंनी अशी आरोळी ठोकली, की गारखेड्याच्या मैदानावरची पुढची माणसं वळून बघायला लागली. बघंनात का! नात कुणाची होती?

प्रांजलनं छातीनं फीत तोडली. देवगाव रंगारीहून आलेल्या पोरांची हलगी कडाडली. चतुराबाईंनी पदर खोचला, "सरक की मुडद्या!" म्हणत शिपायाला बाजूला सारलं अन् थेट आत घुसल्या.

पोरीनं कबूल केलं होतं, जिंकले की तुझ्या हातचं खाईन. होस्टेलला गेल्यापासनं ती मोड आलेल्या मुगावर अन् काकडीवर जगत होती. भाकरी दिसली की तोंड फिरवायची. गालफडं पार आत गेलेली, अन् मास्तर म्हणायचे, काय शिस्तीची पोर!

चतुराबाईंनी घरच्या म्हशीच्या खव्याचा पेढा सगळ्यांदेखत तिच्या तोंडात कोंबला. तिनं डोळे मिटून गिळला. चतुराबाईंना वाटलं, अख्खं गाव जेवून उठलं.

"खाल्लं ना? आता सोड, आज्जे."

अन् ती वळून परत पळायला लागली.

"बघा, आनंद मावंना पोरीला!" लोक उभे राहिले. हलगी चढली. चतुराबाई जागच्या जागी नाचल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. पोरगी कुणाकडं बघंना, हात वर करंना.

तिच्या खोलीत राहणारी अजरा चतुराबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं.

"दादी, वो खुशी से नहीं भाग रही. पेढा जिरवतीय ती."

"येड लागलं का? एवढासा पेढा!"

"घासभर भात जास्त झाला तरी ती असंच करती. चक्कर येऊन पडस्तोवर."

चतुराबाईंनी हातातला पेढ्यांचा डबा खाली टाकला. त्या पळायच्या वाटंत शिरल्या अन् दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या.

"बास, माझे बाय, बास!"

हलगीत कुणालाच ऐकू गेलं नाही. प्रांजल आली, बगल देऊन निघून गेली. डोळे समोर, ओठ पांढरे.

चतुराबाईंनी चपला भिरकावल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं अन् तिच्या मागं पळत सुटल्या.

"वा रं म्हातारी! नातीला हरवती का काय!"

शिट्ट्या वाजल्या. हलगीवाल्यांनी ताल आणखी वाढवला.