फिल्टर नसलेली वीस घरं

मालनबाई भरलेली कळशी घेऊन भुजंगच्या घरातून निघाली आणि झुंबरबाईनं तिला दारातच अडवलं. भुजंग हा झुंबरबाईचा सख्खा भाऊ. त्याच्या ओसरीत एका संस्थेनं पाणी गाळायचा वाळूचा फिल्टर बसवला होता. सिमेंटची टाकी, आत वाळू आणि खडी, खाली तोटी. मालनबाईच्या घरी तो नव्हता.

"वत माघारी," झुंबरबाई म्हणाली.

मालनबाईनं सांगून पाहिलं, दोन्ही पोरं हगवणीनं पडलीत म्हणून. झुंबरबाई दारातून हलली नाही. शेवटी मालनबाईनं पाणी टाकीत ओतलं आणि रिकामी कळशी काखेत मारून निघून गेली.

भोकरदनच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी ही भिलांची वस्ती. चाळीस घरं आणि नाल्याकाठची एकच विहीर. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात संस्थेला वर्षाचं अनुदान मिळालं, पण देणाऱ्यांची अट होती. फिल्टर वीस घरांतच बसवायचा, बाकीच्या वीस घरांत काही करायचं नाही, आणि दोन्हीकडं किती माणसं आजारी पडतात ते दर आठवड्याला लिहायचं. फरक दिसला तर पुढल्या वर्षी सगळ्या घरांना फिल्टर. पाण्याची सरमिसळ झाली तर आकडे वाया आणि अनुदान बंद. संस्थेचा रामकिसन हे सगळं तीनतीनदा समजावून गेला होता. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा झुंबरबाईची कोरी निघाली, म्हणजे तिच्याही घरी फिल्टर नाही. वस्तीतल्या बायांत चौथी शिकलेली ती एकटीच, म्हणून आजाऱ्यांची वही मात्र तिच्याकडं आली.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. तिची नात काजल, दहा महिन्यांची, सकाळपासून पाण्यासारखं हगू लागली. सून बेबीनंदा म्हणाली, भुजंगमामांच्या घरून हिच्यापुरतं पाणी आणते, कोणाला दिसायचं न्हाई.

झुंबरबाई चूल फुंकत होती. "मालनला मी माघारी लावलं," ती म्हणाली. "आपण कोणत्या तोंडानं आणायचं?"

तिनं विहिरीचं पाणी उकळलं, निववलं, त्यात मीठ-साखरेची पुडी कालवली आणि चमच्याचमच्यानं पोरीला पाजत राहिली. पोटात ठरेना. दिवस मावळायला भुजंग स्वतः तांब्या घेऊन आला. तिनं त्यालाही उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले, तेव्हा सासूसून तिला घेऊन काळीपिवळी जीपनं भोकरदनला गेल्या. दवाखान्यात सुईला शीर सापडेना. डॉक्टरनं हाताला पाहिलं, पायाला पाहिलं, मग डोक्याला पाहिलं. दुपारच्या आत त्या त्याच गाडीनं परत आल्या. येताना पोर बेबीनंदाच्याच मांडीवर होती, लुगड्याच्या पदरात पूर्ण झाकलेली.

शुक्रवारी रामकिसन वस्तीवर आला. त्यानं ऐकलं होतं. मावशी, ह्या आठवड्याची वही मी भरतो, तुम्ही बसून राहा, असं तो म्हणाला. झुंबरबाईनं वही आणून त्याच्यापुढं ठेवली. चाळीसच्या चाळीस घरं भरलेली होती. तिच्या घरापुढं जुलाबाच्या रकान्यात तीन दिवस लिहिले होते आणि पुढं बारीक अक्षरात, वारली. त्यासाठी वहीत रकाना नव्हता. रामकिसननं तो शब्द वाचला, वही मिटली आणि तिच्या हातात परत दिली.

बेबीनंदा सासूशी लागेल तेवढंच बोलत राहिली. झुंबरबाईनंही जास्तीचं काही विचारलं नाही. दर आठवड्याला ती वही घेऊन फिरत राहिली. मालनबाईच्या दारात गेली की मालनबाई कोण कोण पडलं ते सांगायची, ती लिहायची.

उन्हाळा लागला तेव्हा अनुदान देणारे साहेब आले. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली होती, सगळी वस्ती जमली होती. साहेबांनी सांगितलं की फरक अगदी स्पष्ट दिसतो आहे, इतकी नीट ठेवलेली वही त्यांनी दुसरीकडं कुठं पाहिली नाही, आणि आता राहिलेल्या वीसही घरांना फिल्टर मंजूर झाले आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वही ठेवणाऱ्या बाईंना काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं.

झुंबरबाई उठून टेबलापाशी गेली.

"माझी नात धरली का ह्याच्यात?"

साहेबांना समजलं नाही. रामकिसननं वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग छापील अहवालाची पानं उलटत एका तक्त्यावर थांबले आणि बोट ठेवलं. फिल्टर नसलेली घरं. मृत्यू, एक.

झुंबरबाईनं खाली वाकून तो आकडा पाहिला.

"बराबर हाये," ती म्हणाली आणि बायांच्यात जाऊन बसली.